हळदीची कावीळ

मला अक्षर वळखू येत न्हाई, पन रोग मात्र मी सारे करून बसलोय. ते बहिनीपायी.

ती माह्यापेक्षा धाकली. नवरा लवकर गेला, म्हनून हिंगोलीच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकत व्हती. दिरानं बजावून ठेवलं व्हतं, इम्तिहानात नापास झाली तं गुमान परत यायचं, गोठ्यातलं शेन वाट पाहून राहिलं. त्या धाकानं ती सांजच्याला माह्या वसरीत उजळणी करायची आन् आजारी म्हनून मी बाजेवर पडायचो. घरात एवढा रिकामा मानूस दुसरा कोन?

"आज हिवताप," ती म्हनायची. "डास चावला, त्याच्यातला किडा रक्ताच्या गोळ्यांत वाढला. आता साऱ्या गोळ्या संगंच फुटून राहिल्या, म्हनून हुडहुडी. हं, भर हुडहुडी."

मी अशी भरायचो की बाजेची सुतळी करकरायची.

चुलीपशी बसलेली माही बायको म्हनायची, "वन्सं, ह्यांना वावरात न्या. कामाचं नाव काढलं की न सांगता भरते."

एकदा बहीन म्हनली, "काळीज म्हंजी मोट. मोटेचा जोर गेला की पानी वर चढत न्हाई, खालीच राह्यते. काळीज थकलं की तसंच पानी पायात उतरते, पाय सुजते."

"आन् बैल?" मी इचारलं.

"बाजेवर पडलाय न्हाई का!"

कावीळ मात्र तिच्या ध्यानात बसंना. पित्त कुठून निघते, कुठं जाते, समदा गुंता. इम्तिहानाच्या आदल्या सांजी पदरात तोंड घालून रडली. मंग माह्या डोक्यात अक्कल आली. रोगीच असा पिवळाधमक समोर ठेवावा, की नाव सांगितलं तरी पोरगी पास!

सकाळीच तेलात मूठभर हळद कालवली, लग्नात लावतेत तशी अंगभर फासली आन् दवाखान्यातल्या रिकाम्या खाटंवर चादर वढून पडलो.

इम्तिहान घ्यायला बाहेरगावचा मोठा डॉक्टर आला. खाटा पाहत पाहत माह्याच पुढं थांबला. बहिनीला म्हनला, "इसकू क्या हुआ, बोलो."

तिनं मला पाह्यलं आन् तिचं तोंड असं उतरलं की मला वाटलं, आता खरंच काई तरी व्हते मला. हळूच डोळा मारला. तिनं त्याच डोळ्याची खालची पापनी अंगठ्यानं खाली वढली. लई येळ पाहत राहिली.

"साहेब, याला कावीळ न्हाई."

"तो पीला कायकू है?"

"पित्त काळजाखालच्या यकृतात तयार व्हते, आतड्यात जाते. वाट अडली, न्हाई तं यकृत बिघडलं की ते रक्तात चढते. मंग डोळ्याचं पांढरं आधी पिवळं व्हते. याचं बगळ्यावानी पांढरं हाय." तिनं पापनी सोडली. "ही हळद हाय साहेब. आन् हा माहा भाऊ हाय."

मी म्हनलं, गेलं समदं. मी उठाया लागलो.

डॉक्टरनं माह्या गालावरून बोट फिरवलं, वास घेतला. "लेटे रहो! आये हो तो काम आओ." मंग तिला म्हनला, "जिगर कहाँ, तिल्ली कहाँ, दिखाओ."

तिनं दाखवलं. उजव्या फासळीखाली यकृत, डाव्या फासळीखाली पानथरी, म्हंजी पुस्तकातली प्लीहा. अशी बोटं रोवली की मला दोन्ही कायमचे पाठ झाले. डॉक्टर खोदून खोदून इचारत गेला, ती सांगत गेली, मी वरडत गेलो. शेवटी तो म्हनला, "लड़की पास. भाई चादर धोयेगा."

कयाधू नदीच्या पान्यात ती चादर मी दिवसभर आपटली. डाग काई निघाला न्हाई. गावात जो भेटल तो इचारे, "काय हो, दुसरं लगीन का?" बायको माह्या आधी सांगे, "व्हय, नवरी पाहून राहिलो. आंधळी भेटली तं सांगा."

दिराच्या घरी शेन काढायला बहीन काई गेली न्हाई. नर्सच्या पांढऱ्या लुगड्यात दवाखान्यातच राहिली. मी भेटायला गेलो की रामराम नंतर, आधी पापनी वढते.

"पांढरंच हाय अजून," म्हनते. "बस दादा, चहा सांगते."