दोनचा सुरुंग

तिरोडीत दुपारचे दोन वाजले, हे घड्याळाआधी आमची भांडी सांगतात. मँगनीजच्या खदानीत सुरुंग उडतो, जमीन हलते आणि आईच्या खाटेच्या वर भिंतीला ठोकलेल्या फळीवरचे पितळी हंडे किणकिणतात. ते वाजले की आई उशाशी ठेवलेली गोळी घेते. एवढ्या वर्षांत या हादऱ्याला कोणी उठून उभं राहिलेलं मला आठवत नाही.

मी शाळेत शिकवते. भूकंपात काय करायचं याचं प्रशिक्षण घ्यायला मला बालाघाटला पाठवलं, आणि परत आले ती गल्लीच्या मानगुटीवरच बसले. गॅस बंद करा, डोकं झाका, मैदानात या. थाळी वाजवून दोनदा सरावही घेतला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पण आल्या. आली नाही ती माझी आई. तिचे गुडघे गेलेले. धरल्याशिवाय उठता येत नाही.

"निदान हंडे तरी उतरवू दे," मी म्हटलं.

"माह्या लग्नातले हायेत. तुले काहून टोचतात?"

मी चिडले, दोन दिवस बोलले नाही. हंडे तिथंच राहिले.

मग थंडीतल्या एका दुपारी मी पेपर तपासत बसले होते. हंडे वाजले, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. छपराच्या कवेलूंतून माती पडली. आईनं सवयीनं गोळी तोंडात टाकली.

"आज लय भारी उडवला."

"हौ," म्हणत मी पुढचा पेपर घेतला. गल्लीत एकही दार उघडलं नाही.

थोड्या वेळानं पाणी भरायला बाहेर आले, तर खदानीत सुरुंग लावणारे शेजारी ओट्यावर दाढी करत बसलेले.

"भाऊ, तुमी घरी? मंग सुरुंग कोनं उडवला?"

त्यांचा हात गालावरच थांबला. "आज इतवार हाये, बाई. खदान बंद हाये."

स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. सगळ्यांना शहाणपण शिकवणारी मी, रविवार म्हणून घरी होते आणि सुरुंग समजून पेपर तपासत राहिले. आत धावले. एक हंडा सरकून फळीच्या कडेवर आला होता, बरोबर आईच्या उशीच्या वर. तिनंही वर पाहिलं आणि हळूच म्हणाली, "उतरव."

हंडे आता अंगणात आहेत. भिंती आणि कवेलू काही उतरवता येत नाहीत. सुट्टीत घरी असले की हादरा बसताच मी आईला धरून बाहेर नेते. सुरुंग की दुसरं काही, हे बघत बसत नाही. गल्ली हसते. हसू दे.

परवा संध्याकाळी शाळेतून आले, तर आई म्हणाली, "जमीन हालली का हात पुढं होते माहा. मंग ध्यानात येते, तू शाळेत हायेस."