शिक्रणात काय होतं

जेवायची वेळ झाली की आमच्या घरात माझा आवाज आपोआप चढायचा. लेक तेव्हा पाच वर्षांची. ताटावर बसली की आधी भाजीचा वास घ्यायची, मग बोटाने ती कडेला सारायची, आणि मग तिचं ठरलेलं वाक्य, "मम्मी, खाजतं."

"कुठे खाजतं?"

ती जीभ बाहेर काढून दाखवायची. जिभेवर काहीच दिसायचं नाही. मी म्हणायचे, "नाटकं नकोत. सुरण नाहीये ते, वांग्याची भाजी आहे. गीळ."

मी रागीट आहे, हे जळगावात मेहरूणमधल्या आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे. ऑफिसातून दमून यायचं, कुकर लावायचा, आणि बाईसाहेबांनी अर्ध्या पोळीला तास लावायचा. शेजारचं तिच्याच वयाचं पोरगं शेवभाजीत भाकरी कुस्करून हाणायचं, रस्सा कोपरापर्यंत ओघळायचा. ते बघून माझा जळफळाट व्हायचा. खान्देशात जन्माला येऊन आमच्या पोरीला भरीत नको, खिचडी नको, चटणी तर डोळ्यांसमोर नको. तिला हवा दूधभात, साधी पोळी आणि केळं. बरगड्या मोजता येतील अशी झाली होती. नवरा म्हणायचा, "राहू दे ना, खाईल हळूहळू." त्याला काय जातंय म्हणायला! पोर वाळकी दिसली की लोक नावं आईलाच ठेवतात.

सासर आमचं रावेरजवळ, केळीच्या बागांतलं. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणतं, मीही अक्काच म्हणते. एकदा त्या आमच्याकडे आल्या, नातीचा दंड चाचपून बघितला आणि मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरीले कूट चारत जाय वं. पार पीठ कर अन् दुधात कालवून दे. तिले कयनार बी नही. आमची पोरं त्याच्यावरच वाढली."

शेंगदाण्याचा कूट आमच्याकडे कशात नसतो ते विचारा. भाजीत असतो, कोशिंबिरीत असतो, चटणी तर त्याचीच. मला अक्कांचं पटलं. मी शेंगदाणे भाजले, मिक्सरमधून बारीक केले आणि चमचाभर कूट दूधभातात लपवला. आठवड्याभरात लेकीने दूधभात सोडला. मग मी कूट कणकेत मळला, तर पोळी सोडली. मला वाटलं, कार्टी दिवसेंदिवस हट्टी होत चालली आहे. शेवटी उरलं केळं. तेही तिला सालासकट हातात लागायचं, स्वतः सोलून खायची. दुसऱ्या कुणी सोललेलं चालायचं नाही. त्या थाटाचं मला हसू यायचं.

त्या थंडीत एका रविवारी सासरी मळ्यात भरताची पार्टी होती. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली होती, पुरुषमंडळी भरीत कांडत होती, बायका पुऱ्या तळत होत्या. दुपारी केळीच्या पानांवर पंगत बसली. लेक भरताकडे बघायलाही तयार नव्हती. कोरडी पुरी कुरतडत बसली. सासरे, म्हणजे आबा, हसत म्हणाले, "सूनबाई, पोरीले तिकडे उपाशी ठेवता का काय?"

पंगत हसली. माझं डोकं फिरलं.

तिच्यासाठी मी घरून शिक्रण करून आणलं होतं. डबा उघडला, तिला मांडीवर ओढलं आणि म्हटलं, "हे संपल्याशिवाय उठायचं नाही." तिने पहिला चमचा तोंडात घेतला आणि परत पानावर काढला.

"मम्मी, यात पण खाजतं."

"केळं खाजतं? केळीच्या मळ्यात बसून केळं खाजतं म्हणतेस?"

पंगत पुन्हा हसली. मी तिचं नाक दाबलं. श्वासासाठी तिने तोंड उघडलं की मी चमचा आत घालत होते. पाच-सहा चमचे गेले. मला जिंकल्यासारखं वाटलं. खोटं कशाला लिहू, वाटलंच.

थोड्याच वेळात ती खोकायला लागली. मी पाणी दिलं. मग बघते तर ओठ पुरीसारखे फुगलेले. गळ्यावर, पोटावर लाल गांधी उठल्या होत्या. श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजत होती. अक्का ओरडल्या, "नजर लागली वं माय पोरीले!" त्यांनी मीठ-मोहरी-मिरच्या मुठीत घेतल्या आणि ओवाळायला लागल्या. आणि मी, पदवीधर बाई, त्यांचं ओवाळून होईपर्यंत पोरीला त्यांच्यासमोर धरून उभी राहिले. अक्कांनी मूठ जाळात टाकली. मिरच्यांचा धूर झाला आणि त्या धुरात माझी लेक श्वास शोधत होती.

नवऱ्याने तिला माझ्या हातातून हिसकावलं आणि गाडीकडे धावला. बांधाच्या वाटेवर केळीच्या घडांनी भरलेला ट्रॅक्टर आडवा होता. तो बाजूला होईपर्यंत लेकीचे ओठ निळसर पडले होते.

रावेरच्या डॉक्टरांनी आधी मांडीत इंजेक्शन दिलं, मग विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"केळं आणि दूध," मी म्हणाले.

"आणि?"

"साखर. वेलदोडा."

"आठवून सांगा. आणि?"

"आणि काही नाही, डॉक्टर. देवाशपथ." मी लपवत नव्हते. भाजीत मीठ घातलं हे कुणी सांगतं का? तसा कूट माझ्या गणतीतच नव्हता. लेकीची शिट्टी हळूहळू कमी होत होती. ती ऐकता ऐकता माझ्या तोंडून सहज निघालं, "तसा नेहमीचा कूट घातला होता थोडा."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "शेंगदाण्याचा? नेहमीचा म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. दूधभात, कणीक, शिक्रण. ते म्हणाले, "हिला शेंगदाणा चालत नाही. काही मुलांच्या जिवावर बेततं. तिला घशात, जिभेला काही होत असणार. कधी बोलली नाही का?"

"बोलली," मी म्हणाले. "रोज बोलली."

जगातल्या सगळ्या आया पोरांच्या ताटातून वाईट ते निवडून काढतात. मी माझ्या लेकीच्या एकेका आवडत्या घासात विष कालवत होते, तेही दळून, तिला कळू नये म्हणून.

पुढचे दोन दिवस तिला जळगावला दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दूध द्यायला सांगितलं. मी कप तिच्या ओठांशी नेला. नुसतं दूध होतं, साखरसुद्धा नव्हती. तिने कपात वाकून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. तेवढ्यात नर्स आली. तिने कप माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "पी बरं." त्या नर्सचं नावही माहीत नसलेली माझी लेक घटाघटा ते सगळं दूध प्यायली.

आता ती सात वर्षांची आहे. घरात शेंगदाणा औषधालाही नाही. भात, पोळी, वरण, बिनकुटाचं भरीतसुद्धा खाते, अंग धरलंय. पण वाढताना अजून विचारते, "मम्मी, यात काय आहे?" मी एकेक सांगते. तेल, मोहरी, लसूण, मिरची.

"आणि?"

"आणि काही नाही."

तेव्हा ती ताटाकडे बघत नाही. माझ्या तोंडाकडे बघते, आणि मग घास घेते.