बफ मारलेली पुतळी

लवू परबचा दिवस त्या रविवारीही पहाटे साडेचारला सुरू झाला. पाणी भरलं, दाढी केली, इस्त्रीचा सदरा चढवला. एरवी पाचला तो भांडुपच्या गाळ्यात पॉलिशच्या चाकासमोर उभा असायचा. मरोळच्या कारखान्यात चौतीस वर्षं पितळी नळांना बफ मारून, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकाकी आणून, तो निवृत्त झाला होता. तेच काम त्याने पुन्हा धरलं, रोज चार तास, चौदा महिने. ही मजुरी घरखर्चाला लावली नाही. ती पुतळीसाठी होती.

पुतळी म्हणजे जुनं विलायती सोन्याचं नाणं, वर उभ्या माणसांची चित्रं. गावाकडे बायका त्याला कडी लावून गळ्यात घालायच्या. त्याच्या बायकोला, रुक्मिणीला, तिच्या आजीकडून एक मिळाली होती. मरोळला सात महिने टाळं लागलं तेव्हा तिने ती विकली आणि त्यावर पुन्हा अवाक्षर काढलं नाही. ओरडली असती तर लवूला सोपं गेलं असतं. सोनाराकडे नव्या ठशाच्या पुतळ्या मिळत होत्या, पण त्याला जुनीच हवी होती.

त्या रविवारी घाटकोपरला जुन्या सोन्याच्या नाण्यांचा लिलाव होता. बोली फक्त पाचशेपासून.

"पाचशेत देतत?" रुक्मिणीने विचारलं.

"पाचशे म्हणजे दार उघडा ठेवल्यानी. आत गेल्यावर बघूचा."

रुक्मिणीने लिलावाच्या नियमांचा कागद शेवटपर्यंत वाचला होता. बोलीवर कमिशन आणि कर. जवळच्या पैशात बोली पंचवीस हजारांपर्यंतच जात होती. तिने ते त्याला दोनदा सांगितलं.

लिलावाआधी नाणी बघायला ठेवली होती. लवूने पुतळी बोटांच्या टोकांवर धरली आणि तोंड वाकडं केलं. शेजारी मार्तंड नावाचे गृहस्थ भिंग लावून उभे होते. अशी नाणी जमवण्यात त्यांची हयात गेली होती.

"ही घेऊ नका हो. कडीची खूण आहे, शिवाय कोणीतरी घासलीय. संग्रहात ठेवत नाही कोणी."

"घासली नाय साहेब, बफ मारलाय. तोही वाईट. हात जड ठेवलाय, काठ खाल्लाय. घाईचं काम." लवूने पुतळी जपून खाली ठेवली. "पण कडीची खूण आहे ना, मग झकास. आपल्याला गळ्यातच घालायचीय."

मार्तंड हसले. "मग तुमच्यासारखं गिऱ्हाईक नाही!"

बोली पाचशेवरून सुटली आणि बघता बघता वीस हजारांवर गेली. संग्रहवाले हात बांधून बसले. एक सराफ तेवढा सोन्याच्या भावाने चढत होता. तो चोवीसवर थांबला. लवू म्हणाला, "पंचवीस." सराफाने नकाराची मान हलवली.

लिलाव पुकारणारे श्यामसुंदर म्हणाले, "पंचवीस हजार, एक वार..."

"सव्वीस!" लवू ओरडला.

सभागृहात खसखस पिकली. लवूच्या गावी जत्रेत देवाच्या नारळाचा लिलाव होई. शेवटची बोली ज्याची, तो स्वतःच वर आणखी एक चढवी. नाही चढवली तर लोक म्हणत, देवाला चिकटपणा केला. लहानपणापासूनची सवय तोंडातून निसटली होती.

"काका, स्वतःवरच चढता? पंचवीस तुमचीच आहे," श्यामसुंदर म्हणाले.

"म्हायत आसा. पण अशी कोरडी सोडायची?"

रुक्मिणीने त्याचं मनगट धरून हात खाली ओढला. "गप रवा! सव्वीस खंयसून देतलात?"

आता लवूचा चेहरा उतरला. श्यामसुंदरांनी सव्वीस धरले असते तर पुतळी हातची गेली होती. त्यांनी हातोडा उचललेलाच ठेवला, दोघांकडे पाहिलं.

"स्वतःवर बोली चढत नाही, काका. नियम आहे. पंचवीस, दोन वार... तीन वार. काकूंना दिली!"

टाळ्या पडल्या. त्यात मार्तंडांच्या सगळ्यात जोरात.

"देवळात असतव तर नियम वेगळो होतो," लवू पुटपुटला.

"देवळात माझी पुतळी नव्हती," रुक्मिणी म्हणाली.

भांडुपच्या सोनाराने जुन्या खुणेवरच नवी कडी बसवली. तो पुतळी चमकवायला लागला तेव्हा लवूने त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. आधीच्याने पुरेशी खाल्लीय."

चौदा महिन्यांच्या मजुरीत पुतळी, कडी आणि काळा दोरा आला. वर उरलं त्यात दोन ग्लास पियूष. रुक्मिणीने स्वतःचा संपवला आणि अर्धा त्याचाही.