मायनं पिळलेलं फडकं

लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, साहेब आले. पाणी तेवढं आलं नाही. त्या दुष्काळात मी रेणापूरकडच्या गावांत सरकारी नर्स म्हणून फिरत होते. काम मुख्यतः नारूचं. पायऱ्या उतरून बारवेतलं पाणी भरायचं आणि न गाळता प्यायचं, की त्यातल्या बारीक किड्यांबरोबर नारू पोटात जातो. वर्षभरानं दोऱ्यासारखा पायातून बाहेर पडतो.

गावोगाव फडकं हातात धरून मी घसा कोरडा करायचे. दुहेरी घाला, रोज तीच बाजू वर ठेवा, गाळून झालं की माठापासून लांब नेऊन धुवा. बायका हसायच्या. "प्यायला न्हाई, अन् फडकी धुवायला पानी कुठून आणू, बाई?" मी चिडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. एका बहिऱ्या म्हातारीला तर तिच्या कानाशी ओरडून सांगितलं होतं.

घरी माय आणि मी, दोघीच. तिच्यापुढं फडकं टाकलं आणि म्हटलं, "ह्यातनं गाळत जा." एवढंच. दिवसभर बोलून तोंड दुखलं होतं, आणि आपल्याच मायला काय शिकवायचं, असंही वाटलं. मी स्वतः दवाखान्यातलं उकळलेलं पाणी बाटलीत भरून आणायचे. तिच्यासाठी एक बाटली आणावी, हे मला कधी सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या घरात होता.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या घोट्यावर फोड आला. फुटला, तेव्हा आत पांढरं टोक दिसलं.

मी तिच्यावरच खेकसले. "गाळत नव्हतीस ना?"

"रोज गाळते की गं."

"कसं गाळतीस, दाखव."

तिनं माठावर फडकं घातलं, वरून घागर ओतली. मग ते फडकं त्याच माठात बुडवून खळबळलं आणि घट्ट पिळलं. शेवटचा थेंबही आत पडला. "फडक्यात लई पानी ऱ्हातंय," ती म्हणाली. "असल्या दिसांत वाया कशाला घालवू?"

गाळलेले किडे ती वर्षभर परत माठात सोडत होती.

नारू काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा असतो. तुटला तर पाय जायची भीती. मी फार जपून ओढत होते, तरी नवव्या दिवशी तुटला. पाय सुजून भोपळ्यासारखा झाला.

नर्सच्याच घरी नारू निघाला म्हटल्यावर साहेब तपासणीला आले. माझी नोकरी नवी होती, कायम व्हायची होती. त्यांनी मायला विचारलं, "बाईंनी तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं का?"

मायनं एकदा माझ्याकडं बघितलं. "लई येळा सांगितलं, साहेब. म्याच ऐकलं न्हाई. अडानी मानूस."

"आईला तरी समजवत जा," साहेब मला म्हणाले.

मी म्हणाले, "हो सर."

नोकरी कायम झाली. मायचा घोटा मात्र आखडला तो आखडलाच. मरेपर्यंत ती लंगडत चालली. वाटेत कुणी पायाचं विचारलं, की ती हसून सांगायची, "लेक सांगत व्हती, म्याच ऐकलं न्हाई." तिच्या शेजारी मी उभी असायचे आणि दर वेळी गप्प राहायचे.