भामाबाई कॉलेज बघायला निघाली

स्थळं बघण्यात भामाबाईचा हात धरणारं निलंग्यात कुणी नव्हतं. कुणाचीही पोर उजवायची असो, बाई पुढं. जाईल तिथं आधी पाणी मागायची, घरातली माणसं न्याहाळायची आणि मग सरळ विचारायची, "तुमची मागणी काय?" तिची स्वतःची पंचशीला बारावी सायन्स पास झाली आणि बी.एस्सी. करते म्हणाली, तेव्हा भामाबाईनं कॉलेजंही ह्याच रीतीनं बघायला काढली.

गावाला तेवढंच पाहिजे होतं. दुष्काळात दुसरी करमणूक कुठली? रोजगार हमीवर खडी फोडता फोडता बायकांनी तिला पार सोलून काढलं.

"भामे, कॉलेजाला हुंडा किती देणार गं?"

"मागू तर दे त्यायला," हातोडी न थांबवता ती म्हणायची.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पाट्यांचे रंग ओले आणि नळ कोरडे. तिथल्या कॉलेजात तिनं रीतीप्रमाणं पाणी मागितलं, तर शिपायानं माठच उपडा करून दाखवला. कारकून म्हणाला, "सगळ्या विषयांचे मिळून मार्क बघतो आम्ही. कागद ठेवून जा. यादी लागली की कळवू."

कळवू? भामाबाईच्या उभ्या हयातीत 'कळवू' म्हणणाऱ्या एकानंही कधी कळवलं नव्हतं. तोंडावर नकार द्यायची ज्याला लाज वाटते, तो 'कळवू' म्हणतो. तिनं टेबलावरची गुणपत्रिका उचलली, पदराखाली घातली आणि तरातरा बाहेर पडली.

"आई, ते समद्यालाच तसं म्हणतेत गं!" पंचशीला रडकुंडीला आली. "आज शेवटचा दिवस होता. आता खिडकी बी बंद झाली."

भामाबाई गप्प झाली. ती गप्प झाल्याचं निलंग्यानं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही पाहिलं नाही. कारण ती घरी गेलीच नाही. तशीच पोरीला घेऊन नांदेडच्या गाडीत बसली. आता एवढं एकच दार उरलं होतं.

नांदेडला गौसिया होती. निलंग्याच्या मनियाराची लेक, भामाबाईची लहानपणची शेजारीण, नांदेडात दिलेली आणि बापासारखीच बांगड्या भरणारी. रात्री तिच्याकडं उतरून सकाळी तिघी कॉलेजात गेल्या.

इथला कारकून म्हणाला, "आम्ही फक्त सायन्सचे विषय धरतो."

पंचशीलाचं इंग्रजी कसंबसं काठाला लागलेलं, पण सायन्सला पहिला वर्ग! भामाबाईनं पदराखालची गुणपत्रिका काढून टेबलावर ठेवली. तोच तो पुढं म्हणाला, "पण मुलगी बाहेरगावची. वसतिगृहात राहायचं तर गावातला नातेवाईक पालक म्हणून पाहिजे. त्याशिवाय प्रवेश नाही."

"मी हाय ना," गौसिया पुढं झाली. "मावशी."

कारकुनानं चष्मा वर केला. "नाव गौसिया, भाची पंचशीला. मावशी कशी?"

"साहेब, हिची माय न् मी एका ताटात जेवलो. हिच्या मायच्या लग्नाचा चुडा माझ्या अम्मीनं भरला. हिचं कान मी टोचलं, तवा ह्या भवानीनं माझा हात असा चावला, ह्यो बघा वण! परक्याची पोर एवढी चावती व्हय?"

कारकुनाला हसता हसता तोंडातलं पान सावरेना. "करा बाई सही."

गौसियानं ऐटीत उजवीकडून डावीकडं, उर्दूत सही ठोकली. पंचशीलाचा प्रवेश झाला.

परतीच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, "कुठं?"

"निलंगा. एकच द्या. येताना दोघी होतो. पोरगी कॉलेजात ठिवली."

कंडक्टरनं तिकीट फाडलं. शेजारच्या बाईनं काही विचारलं नव्हतं, तरी तिलाही सांगितलं. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं. त्याला ओरडून सांगितलं. अहमदपूर येईस्तोवर अख्ख्या गाडीला ठाऊक झालं, की सायन्सला पहिला वर्ग कुणाच्या लेकीला मिळाला.

इंग्रजीचे मार्क मात्र बाईनं कुणालाच सांगितले नाहीत.