आईच्या अंजिराची काडी

आईच्या अंजिराची काडी कुणी मागितली, की ती कधी हो म्हणायची नाही. "मागून नेलेली काडी जगत नाय. चोरलेलीच धरते," असं सांगून ती मुद्दाम पाठ फिरवायची. मागे कट् आवाज झाला, की गालातल्या गालात हसायची. तिनेही हा अंजीर असाच आणला होता, गंगापूरला मामांच्या मळ्यातून, मामा विहिरीकडे गेल्यावर. चिकलठाण्याच्या आमच्या घरामागे त्याने चांगलं बस्तान बसवलं. दुष्काळात टँकरची वाट बघून डोळे दुखायचे, आम्ही तांब्याभर पाण्यात तोंड धुवायचो, पण तांदूळ धुतलेलं पाणी अंजिरालाच जायचं. मला त्या झाडाचा रागच यायचा.

आई गेली आणि घर विकायचं ठरलं. आजूबाजूची घरं पाडून इमारती उठतच होत्या. बाबांना दुसरं काही नको होतं, फक्त तो अंजीर नव्या फ्लॅटच्या गॅलरीत हवा होता. त्यांनी झाडाला हळदकुंकू वाहिलं, हात जोडून परवानगी मागितली आणि काड्या कापून तेलाच्या डब्यांत लावल्या. पालवी फुटली, तेव्हा सगळ्या नातेवाइकांना फोन केले. मग एकेक पान काळं पडलं. काड्या उपटून पाहिल्या, तर एकीलाही मूळ नव्हतं. अंगातल्या ओलाव्यावरच त्या तेवढे दिवस हिरव्या राहिल्या होत्या.

"मी विचारून घेतल्या ना," बाबा म्हणाले. "चोरायला पाहिजे व्हत्या. पर आपल्याच घरचं कसं चोरावं, बाई?"

घराचा ताबा दिल्यानंतरच्या उन्हाळ्यात ते मला तिथे घेऊन गेले. घर पाडलेलं होतं, भोवती पत्रे ठोकले होते. पत्र्यांच्या फटीतून अंजिराची एक फांदी हाताशी येत होती.

"आता हे आपलं नाय," बाबा म्हणाले. आई गेल्यापासून त्यांचा आवाज इतका खुशीत ऐकला नव्हता. "तू तिकडं बघ."

मी पाठ फिरवली. मागे कट् आवाज झाला.

वळले, तर ते फांदीचं तुटलेलं टोक अंगठ्याने दाबून बघत होते. अंजिराची फांदी मोडली, की पांढरा चीक येतो. अंगठा कोरडाच होता. आई गेल्यावर मला इतकं रडू आलं नव्हतं.

घरी येऊन बाबांनी ती काडी डब्यात लावली. मी स्वयंपाकघरात गेले आणि तांदूळ धुवायला घेतले.