कडूबाईचे पाय गोल जातात

गारखेड्यात आमच्या गल्लीत कडूबाईचं फॉल-पिकोचं दुकान आहे आणि बरोबर त्याच्या डोक्यावर मेघाचा हिपहॉपचा क्लास. मला डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. चालण्याचा मला मनस्वी कंटाळा, म्हणून मी नाचायला गेले. कडूबाई का आली, ते तिनं बरेच दिवस सांगितलं नाही. पंचेचाळिशीची बाई, एका दुपारी ब्लाऊज अर्धवट टाकून उठली, गळ्यात टेप तशीच, आणि बायकांच्या बॅचमध्ये शेवटच्या ओळीत येऊन उभी राहिली.

पहिला धडा बाउन्सचा. ठेका पडला की गुडघ्यात खाली जायचं, एवढंच. मला तेही जमेना. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी फरशीला बोल लावला. कडूबाईचं घोडं अडलं ते टू स्टेपला. दोन पावलं उजवीकडं, दोन डावीकडं, जागच्या जागी. पण तिचे पाय हळूहळू वळायचे आणि गाणं संपेपर्यंत बाई मेघाला अर्धी प्रदक्षिणा घालून आरशाकडं पाठ करून उभी असायची. आम्ही सगळ्या हसायचो.

"मावशी, आरशाकडं बघा ना," मेघा म्हणायची.

"बघते गं. पाय ऐकत नाय."

एकदा जिना उतरताना तिनं मला कारण सांगितलं. तिचे वडील, पुंजाराम आबा, दौलताबादचे. खंडोबाच्या जत्रेत धनगरांचा गजा नाच व्हायचा, त्याचे ते म्होरके. मधे ढोल, भोवती हातात रुमाल घेतलेल्या गड्यांचं रिंगण. त्यात बायकांना जागा नव्हती. ही मागं उभं राहून पावलं बघायची आणि नंतर मेंढरांच्या काटेरी कुंपणाआड एकटीच नाचायची.

"आबांनी एकदा बघावं, म्हणावं पोरीच्या पायात ठेका हाय. लई वाटायचं," ती म्हणाली. "आता त्यायचं वय झालं. हाय तोवर दाखवीन म्हणते."

मला तिची दया आली आणि आबांचा रागही आला. मेघाला सांगितलं, तर तिनं खडूनं फरशीवर चौकट आखून दिली. त्या चौकटीत राहायला कडूबाई जिद्दीनं शिकली.

एका रविवारी ती मला सोबत घेऊन दौलताबादला गेली. एकटीला लाज वाटंल म्हणाली. आबा अंगणात बाजेवर चहा पीत होते.

"आबा, नाच शिकले मी. बघता का?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. कडूबाईनं ओट्यावर फोन ठेवून गाणं लावलं, पदर खोचला. बाउन्स झाला, टू स्टेपही सरळ झाली. पण इथं ना आरसा, ना खडूची रेघ. तिचे पाय वळले ते वळलेच. अख्ख्या अंगणाला फेरा घालून ती घामाघूम होऊन थांबली. झालं, सगळी मेहनत पाण्यात, असं मला वाटलं.

आबांनी कप खाली ठेवला. "हे पाय तुला कुणी शिकवले?"

"तुम्हीच की. जत्रंत तुमच्या मागं उभी राहून बघायची मी."

म्हातारा म्हणाला, "आमची तोंडं ढोलाकडं राहायची, बाई. मागं कोण उभं हाय, दिसायचं नाय." तोवर गाणं संपलं होतं. "फिरून लाव ते. आता बघतो." आणि ते बाजेवर सरकून, तिच्याकडं तोंड करून, मांडी घालून बसले.

कडूबाईनं गाणं लावलं, पण तिचा पाय उचलेना. ती मटकन खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. मी उठायला गेले, तर आबांनी हातानं मला थांबवलं.

"रडून घे," ते तिला म्हणाले. "मी बसलोय."